मेलॅनिनचे कृत्रिम कण

कंधारची गाय तांबडी कां, आणि देवणीची काळी-पांढरी कां? नांदेड जिल्ह्यांतील लाल कंधारी व लातूर जिल्ह्यांतील देवणी या दोन्ही गोवंशांचा वर्ण मेलॅनिन नांवाच्या रंगद्रव्याच्या सूक्ष्म कणांवर अवलंबून असतो. या द्रव्याच्या मुख्य जाती दोन : एक काळसर, दुसरी तांबूस. काळसर जातीचे कण बहुधा लांबट, तर तांबूस जातीचे गोल असतात. शेवरा देवणीच्या काळ्या ठिपक्यांतील केंसांत हे कण भरलेले असतात. पांढऱ्या केंसांत ते नसतात.

मनुष्याच्या त्वचेंतही हेंच द्रव्य आहे. मराठवाड्याच्या कडक उन्हांत राबणाऱ्या शेतकऱ्याच्या अंगावर पडणाऱ्या जंबुपार, म्हणजे अतिनील, किरणांचा बराच भाग तें शोषून घेतें. ज्या काळ्या रंगाला समाज नांवें ठेवतो, तो वस्तुतः देहाची ढालच होय.

ही ढाल प्रयोगशाळेंत घडवितां येते. डोपामाइन हें द्रव्य किंचित् क्षारधर्मी पाण्यांत विरघळवून हवेंत ढवळत ठेवलें, कीं प्राणवायूच्या योगानें पाणी काळें होतें आणि त्यांतील वस्तूंवर मेलॅनिनसदृश लेप चढतो. अमेरिकेंतील संशोधकांनीं ही रीत २००७ सालीं प्रसिद्ध केली.

आकार कसा द्यावयाचा? पाण्यांत मद्यार्क व अमोनिया मिसळल्यास गोल कण तयार होतात; अमोनिया वाढविल्यास ते लहान होतात. वाळूच्याच जातीच्या सिलिकाच्या गोळीवर लेप चढवून आंतील गोळी आम्लानें विरघळविली, तर पोकळ कण उरतो. साचा कांडीसारखा असेल, तर कणही तसाच होतो.

हा खटाटोप व्यर्थ नाहीं. मोराच्या पिसांतील झळाळी मेलॅनिनच्या कांड्यांच्या शिस्तबद्ध मांडणीनें उत्पन्न होते. कांड्यांमधील अंतर बदललें, कीं रंग बदलतो. २०१५ सालीं कृत्रिम गोल कणांचे पातळ थर देऊन असेच रंग उमटविण्यांत आले. पोकळ कणांत औषध भरतां येतें. सच्छिद्र कणांचा पृष्ठभाग मोठा असल्यानें ते दाहकारक द्रव्यें अधिक टिपतात. अशा कणांचें मलम लावल्यानें उंदरांच्या पोळलेल्या त्वचेच्या जखमा लवकर भरल्या, असें २०२३ सालीं प्रसिद्ध झालें.

उंदरांवरील यश म्हणजे माणसासाठीं सिद्ध झालेलें औषध नव्हे, हा विवेक सोडूं नये. तथापि एकच द्रव्य केवळ आकार बदलून कोठें रंग, कोठें कुपी, तर कोठें मलम होऊं शकतें, हें खरें.