भिंती तरल्या, घरांचे काय?

दि. ४ नोव्हेंबर १९६६ रोजी व्हेनिस शहरात भरतीचे पाणी १९४ सेंटीमीटरपर्यंत चढले, त्या घटनेस आता सहा दशके होत आली. युनेस्कोच्या आवाहनास अनुसरून देशोदेशीच्या नागरिकांनी तेव्हा खाजगी समित्या स्थापन केल्या. चित्रकार तिंतोरेत्तो जेथे चिरविश्रांती घेत आहे, त्या मादोन्ना देल्लोर्तो चर्चचा जीर्णोद्धार इंग्रजांच्या देणग्यांतून झाला. १९७१ साली लंडनमध्ये ‘व्हेनिस इन पेरिल’ व अमेरिकेत ‘सेव्ह व्हेनिस’ या संस्था उदयास आल्या. सांता मारिया देई मिराकोली या चर्चच्या संगमरवरी लाद्यांत मुरलेले मीठ काढण्यासाठी त्या उतरवून शुद्ध पाण्याच्या टाक्यांत ठेवाव्या लागल्या. ‘सेव्ह व्हेनिस’ने हे काम सुमारे दहा वर्षे चिकाटीने चालविले व १९९७ साली तडीस नेले.

परक्यांचा पैसा आला की त्यामागून परक्यांची मालकी येते, ही भीती सर्वत्र व्यक्त होते. व्हेनिसमध्ये ती अनाठायी ठरली, कारण दुरुस्ती इटलीच्या स्मारक-खात्याच्या देखरेखीखाली झाली. दाता निधी देतो, मालक नियम ठरवितो, ही मर्यादा अनुकरणीय आहे, असे आम्हांस वाटते.

तथापि दुसरी बाजू दृष्टीआड करून चालणार नाही. १९५१ साली या जुन्या शहरात सुमारे पावणेदोन लाख लोक राहत होते. २०२२ साली ही संख्या पन्नास हजारांच्या खाली गेली. पुराने तळमजल्यावरील बिऱ्हाडे उठविली, परवडणारी घरे व रोजगार मुख्य भूमीवर मिळू लागले आणि पुढे उरलेल्या घरांतून प्रवाशांची वर्दळ सुरू झाली. चित्रे उजळली, ती रोज पाहणारा शेजार मात्र विरळ झाला.

याबद्दल दात्यांना दोष देणे अन्यायाचे होईल. देणगीदाराचे मन चित्राने व घुमटाने द्रवते. गरिबाच्या घराच्या दुरुस्तीस तो क्वचितच हात देतो. समुद्र अडविणारे दरवाजे उभारण्यासही शासनाचाच खजिना लागला. ते ३ ऑक्टोबर २०२० रोजी प्रथम पुराच्या पाण्यासमोर उभे राहिले. समुद्राला रोखण्यास जेवढी इच्छाशक्ती लागली, तेवढीच रहिवाशाला टिकविण्यास लागेल. ते कर्तव्य शासनाचे व नगरपालिकेचे आहे; दानावर ते ढकलता येत नाही. देऊळ परक्याच्या पैशाने उभे राहील, पण सांजवात लावण्यास गावातलेच माणूस हवे.