पायाची पाचर

आखातातून सुट्टीला घरी जाणाऱ्या माणसाची बॅग ही सार्वजनिक मालमत्ता असते. ओमानी हलवा, खजूर, सुकामेवा, कुणाचं अत्तर, कुणाचा चार्जर असं सगळं भरून झाल्यावर उरलेल्या जागेत आपले कपडे. या वेळी माझ्या यादीत मात्र एक वेगळीच वस्तू आली. नाशिकला इंजिनीअरिंगला असलेल्या भाच्याचा मेसेज होता, 'मामा, येताना क्लाइंबिंग शूज आणशील? क्रॅकसाठी हवेत. साइज ८.' त्याच्या पाठोपाठ त्याच्या आईचा, म्हणजे माझ्या ताईचा फोन. 'अरे, तू त्याला काही आणून देऊ नकोस हं. बूट आले की तो अजून वर चढेल.'

दोघांनाही फोनवर उत्तर देणं कठीण होतं. एकाला वाटतं की बूट मिळाले की कडा सर झाला. दुसरीला वाटतं की बूट नसले तर पोरगं घरी बसेल. मी इथे गेली काही वर्षं सुट्टीच्या दिवशी खडकांवर चढतोय, भेगांमध्ये हातपाय कोंबून बऱ्यापैकी कातडी सोलून घेतली आहे. तेव्हा दोघांना मिळून एकच सविस्तर उत्तर लिहावं म्हटलं. परदेशातून अशीच मागणी पुरी करणारे आणखी मामा-काका-आत्या असतीलच, त्यांनाही उपयोग होईल.

मी राहतो मस्कतच्या मदिनत सुलतान काबूस या भागात. नाव एवढं लांबलचक की सगळे एमएसक्यूच म्हणतात. घराच्या आजूबाजूला तपकिरी, बोडके डोंगर. नवीन आलेल्या माणसाला वाटतं, वा, चढायला घराबाहेरच सोय! पण हा खडक फसवा. एकेकाळी समुद्रतळाच्याही खाली असलेला हा थर पृथ्वीच्या उलथापालथीत वर आला. भूशास्त्राच्या अभ्यासकांची इथे पंढरीच आहे, पण हाताला तो खडक तुकड्या-तुकड्यांनी येतो. चढण्याजोगा चुनखडीचा खडक आत, हजर पर्वतरांगेत. निझवा, बहला ओलांडून पुढे गेलं की अल ऐन या गावी प्राचीन दगडी थडगी आहेत. युनेस्कोने १९८८ साली जागतिक वारशाच्या यादीत घेतलेली. त्यांच्या मागे सुळक्यांची दातेरी भिंत उभी दिसते ती जबल मिश्त. अरबीत 'मिश्त' म्हणजे फणी. लोणावळ्याजवळच्या आपल्या नागफणीत नागाचा फणा आहे, इथे केस विंचरायची फणी. १९७९ साली फ्रेंच गिर्यारोहकांनी या भिंतीचा आग्नेय कोपऱ्यातला मोठा खांब चढून काढला आणि बाहेरच्या जगाला ओमानच्या कड्यांची ओळख झाली.

नाशिकचा खडक याहून अगदी वेगळा. सह्याद्री म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर, बेसॉल्ट. लाव्हा थंड होताना आकसला आणि त्याला उभ्या भेगा पडल्या. अंधेरीची गिल्बर्ट हिल पाहिली असेल तर तिथले उभे दगडी खांब आठवा. दोन खांबांमधली ती फट, तशीच उभी भेग कड्यावर सापडली की प्रस्तरारोहकाला रस्ता दिसतो. बाकी भिंत गुळगुळीत असली तरी भेग वरपर्यंत जाते. फक्त तिथे धरायला काही नसतं. धरायचं नाही, अडकायचं असतं.

हे अडकणं आपल्याला नवीन नाही. तानाजी आणि कोंडाण्याच्या घोरपडीची गोष्ट ऐकतच आपण मोठे झालो. ती गोष्ट इतिहासात कितपत बसते यावर वाद घालणारे घालोत, पण घोरपडीचा गुण खरा आहे. संकट आलं की ती खडकाच्या फटीत शिरते आणि अंग फुगवून अशी बसते की ओढूनही निघत नाही. भेगेतलं चढणं नेमकं हेच. हात आत घालून अंगठा तळव्याकडे दुमडला की हात जाड होतो आणि बसतो. पायाचं तंत्र मात्र वेगळं. पाय फुगवता येत नाही, पिळता येतो.

गुडघा बाहेरच्या बाजूला वळवायचा. त्याबरोबर तळवा आतल्या बाजूला, म्हणजे दुसऱ्या पायाकडे वळतो. अंगठा वर आणि करंगळी खाली येते. अशा आडव्या पायाचा पुढचा भाग भेगेत सरकवायचा. मग गुडघा पुन्हा सरळ, भेगेच्या रेषेत आणायचा. पाय आत पिळला जातो आणि पाचर मारल्यासारखा घट्ट बसतो. आता त्यावर सरळ उभं राहायचं. हे जमलं की हातांवरचा भार एकदम कमी होतो. नवशिक्यांचे हात लवकर थकतात त्याचं कारण बहुतेक वेळा पायात असतं.

पाचर म्हटलं की पंचतंत्रातलं माकड आठवायलाच हवं. पाचर कशी निघते याचा विचार न करता ते ओंडक्याच्या फटीत बसलं आणि अडकलं. इथेही तेच. पाय गरजेपेक्षा खोल घातला आणि त्याच क्षणी हात सुटले, तर शरीर खाली जातं आणि पाय तिथेच राहतो. घोटा मोडतो तो असा. म्हणून पुरेल एवढाच आत, आणि काढताना आधी गुडघा बाहेर, मग पाय. जोर लावून उपसायचा नाही.

आता ताई, तुझ्यासाठी. बूट कुणाला वर चढवत नाहीत आणि पडणाऱ्याला वाचवतही नाहीत. वाचवतो तो दोर, तो धरणारा माणूस, डोक्यावरचं हेल्मेट आणि नीट शिकवणारे सिनिअर. सह्याद्रीत सुटे दगड पडतात आणि आग्या मोहोळ उठतं. त्यांच्यावर कुठल्याही कंपनीचा बूट चालत नाही. पण चुकीच्या बुटाने एक गोष्ट नक्की होते. पाय दुखायला लागला की मुलगा पायावर भार देणं टाळतो, हातांनी लोंबकळतो, थकतो आणि घाई करतो. घाईत होतात त्या चुका. आपल्याकडच्या आधीच्या पिढीने कापडी हंटर शूज घालून सुळके चढले हे खरं, पण त्यांची बोटं आणि नखं काय म्हणायची ते त्यांनाच विचारावं. मी भाच्याला अट घातली आहे की बूट मिळतील, पण क्लबच्या लोकांबरोबर, दोर लावूनच चढायचं आणि जाताना घरी सांगून जायचं. हे सगळं ऐकून ताईने एवढंच विचारलं, 'ते बूट घरात वास मारतात का रे?' मारतात. गॅलरीत ठेवायला लाव.

आपण पायात काय घालतो यावर माणसं जगतात-मरतात हे डोंगरात जुनंच आहे. १९३५ साली इटलीतल्या पुंता रासिका शिखरावर खराब हवामानात सहा गिर्यारोहक गेले. त्यांच्या पायातली पादत्राणं त्या थंडीला आणि बर्फाला पुरी पडणारी नव्हती. त्या मोहिमेत असलेल्या विताले ब्रामानी यांनी त्यानंतर रबरी, खाचांचा तळ तयार केला, तो १९३७ मध्ये बाजारात आला. त्यांच्या नावा-आडनावातून झालेलं 'व्हायब्रॅम' हे नाव आजही अनेक क्लाइंबिंग शूजच्या तळाला पिवळ्या अष्टकोनात दिसतं. खडकावर चढायच्या बुटांना मात्र खाचा नसतात, तळ सपाट असतो, कारण जितकं रबर खडकाला टेकेल तितकी पकड. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला बोरेआल या स्पॅनिश कंपनीने चिकट रबराचे बूट आणले आणि आधी सरकणारे पाय एकदम टिकायला लागले.

भाच्याने मला एका बुटाचा फोटो पाठवला होता. पोपटाच्या चोचीसारखा खाली वळलेला, एकदम फॅशनेबल. तो बूट वाईट नाही. पुढे झुकलेल्या भिंतीवर, जिममध्ये, बारीक पकडीवर अंगठ्याची नखी रोवायला तो उत्तम. अशा बुटात बोटं मुठीसारखी दुमडलेली असतात. भेगेत हेच अंगाशी येतं. दुमडलेल्या बोटांनी पायाची उंची वाढते, पाय अरुंद फटीत शिरत नाही, आणि शिरला तर पिळताना सगळा भार बोटांच्या सांध्यांवर येतो. भेगेसाठी बूट सपाट हवा आणि आत बोटं सरळ, टेकलेली हवीत.

बाकी भेगेच्या रुंदीवर ठरतं. बोटांची टोकंच जातील अशा फटीत बुटाचं नाक बारीक आणि चपटं पाहिजे. तिथे मऊ, पातळ बूट चांगला, खडक कळतो. हाताचा पंजा किंवा मूठ बसेल अशा भेगेत पाय पुढून छान शिरतो. तिथे तळ थोडा कडक असेल तर पाय पिळताना आधार मिळतो आणि तासन् तास उभं राहता येतं. मुठीपेक्षा रुंद भेगेत टाच एका भिंतीला आणि चवडा दुसऱ्या भिंतीला लावावा लागतो. अशा ठिकाणी घोट्याची हाडं खडकावर घासतात, म्हणून घोटा झाकणारे उंच बूट घेतात. पहिलीच जोडी असेल तर मधली निवड करावी: सपाट, मध्यम कडक, पुढून चपटी.

बांधायचं कशाने? नाडी की वेल्क्रो? जिममध्ये वेल्क्रो सोपं. भेगेत मात्र त्याची कडी पायात रुततेच, शिवाय खडकाला घासून पट्टा सुटतो. नाडीवाला बूट पायाला सगळीकडे सारखा बसतो आणि पायाच्या सुजेप्रमाणे सैल-घट्ट करता येतो. नाड्या घासून तुटतात, पण नाडी स्वस्त असते. बोटांच्या वरच्या भागावरही रबर असेल तर उत्तम, कारण भेगेत तळाइतकाच बुटाचा माथा घासला जातो.

आता ती 'साइज ८'. मी कॉम्प्युटर इंजिनीअर, एकक न लिहिलेला आकडा दिसला की मला अस्वस्थ व्हायला होतं. भारतात आपण साधारण ब्रिटिश मापं वापरतो. तिथला ८ म्हणजे युरोपियन ४२ च्या आसपास. अमेरिकन पुरुषांचा ८ मात्र ४१ च्या आसपास. त्यात प्रत्येक कंपनीचा साचा वेगळा. म्हणून मी त्याला गृहपाठ दिला. संध्याकाळी, दिवसभर चालून पाय थोडे फुगलेले असताना, कागदावर पूर्ण भार देऊन उभा राहा. पेन्सिल सरळ उभी धरून दुसऱ्या कुणाकडून दोन्ही पायांची आकृती काढून घे. लांबी आणि चवड्याची सर्वांत जास्त रुंदी मिलिमीटरमध्ये लिही. दोन पायांत फरक असतो, मोठा पाय धरायचा. शिवाय आता वापरतोस त्या बुटाच्या आत लिहिलेला युरोपियन आकडा आणि कंपनी कळव.

रुंदीवर मी जोर दिला त्याला कारण आहे. लहानपणापासून चपलेत आणि अनवाणी वाढलेले आमच्या घरातले पाय पुढून चांगले ऐसपैस आहेत. काही युरोपियन साचे अरुंद असतात. लांबीला बरोबर आलेला बूट रुंदीला करंगळी चिरडतो. अशा वेळी मोठा नंबर घेण्यापेक्षा रुंद साच्याची जोडी शोधावी. दुकानात बूट घातल्यावर नुसतं आरशात बघू नका. बोटं पुढे टेकली आहेत पण वाकलेली नाहीत, टाचेत पोकळी नाही, एवढं बघा. मग सोबतच्या माणसाला बुटाचा पुढचा भाग वरखालून हाताने जोरात दाबायला सांगा. तिथे सांधा ठणकला तर भेगेत तो दसपट ठणकेल. अस्तर नसलेलं चामडं वापरून अर्ध्या ते एका नंबराने सैल होतं. कृत्रिम कापडाचे बूट फारसे सैल होत नाहीत. भेगेसाठी पातळ मोजा घातला तरी कुणी हसत नाही.

किंमत? साधी चांगली जोडी १०० डॉलरच्या आसपास, नावाजलेली घोटा झाकणारी २०० च्या पुढे. शिकणाऱ्याने महाग घेऊ नये. सुरुवातीला पाय नीट ठेवता येत नाही, सरकतो, घासतो आणि रबर झिजतं. इथल्या धारदार चुनखडीवर तर ते आणखी लवकर जातं. तळाचं रबर साधारण चार मिलिमीटर असतं. बुटाच्या पुढच्या कडेचं रबर पातळ झालं की वरच्या रबराला भोक पडण्याआधीच नवा तळ लावून घ्यावा. काम स्वस्तात होतं आणि जोडी पुन्हा उभी राहते. हे बूट घालून वाट तुडवू नये. कड्याच्या पायथ्यापर्यंत साधे बूट, तिथे बदलायचे, तळ फडक्याने पुसायचा, कारण धुळीवर कुठलंच रबर चिकटत नाही. हाताच्या मागच्या बाजूला औषधाच्या दुकानात मिळणारी चिकटपट्टी गुंडाळली की कातडी वाचते.

आणि आखातात किंवा विदर्भ-मराठवाड्यात राहणाऱ्यांसाठी शेवटचं. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत बूट ठेवू नका. गाडी आतून भट्टी होते, तळ चिकटवलेला गोंद सुटतो आणि एका दुपारी जोडीचं तोंड उघडतं. आमच्याकडे चढायचा हंगाम ऑक्टोबरच्या शेवटापासून मार्चपर्यंत. उन्हाळ्यात खडकाला हात लावण्याची सोय नसते, रबरही मऊ पडून सरकतं. तोपर्यंत बूट ओल्या फडक्याने पुसून, सावलीत वाळवून, नाड्या सैल करून ठेवावेत. कागदाचा बोळा आत घातला की आकार टिकतो, आणि वासही थोडा कमी होतो.