हृदयाला सैल सोडणारा वायू

हृदयाचे आकुंचन सर्वांना ठाऊक असते, परंतु दोन ठोक्यांच्या मध्ये हृदयाचा स्नायू पुरेसा सैल पडला नाही तर त्यात रक्तच नीट भरत नाही, आणि या सैल पडण्यात नायट्रिक ऑक्साइड या अल्पजीवी वायूचा मोठा वाटा असतो. आर्जिनिन या अमिनो आम्लापासून पेशीतील विकरे, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारी प्रथिने, हा वायू तयार करतात. तो ग्वानिलिल सायक्लेज या दुसऱ्या विकराला चिकटताच ते जीटीपी या रेणूपासून सायक्लिक जीएमपी हा निरोप्या रेणू बनवते. हा निरोप्या प्रोटीन कायनेज जी या विकराला जागे करतो, आणि ते ट्रोपोनिन आय व टायटिन या स्नायुप्रथिनांवर फॉस्फेट बसवते, ज्यामुळे स्नायूतंतूंची कॅल्शियमविषयीची संवेदनशीलता कमी होते आणि त्यांचा ताठरपणा उतरतो. एवढ्या साध्या वायूकडे असे नाजूक काम असावे, हे खरोखर विलक्षण आहे.

या संदेशमार्गाच्या शोधाबद्दल रॉबर्ट फर्चगॉट, लुई इग्नारो आणि फरीद मुराद यांना 1998 चे नोबेल पारितोषिक मिळाले. छातीत कळ आल्यावर जिभेखाली ठेवली जाणारी नायट्रोग्लिसरीनची गोळी याच मार्गाने, मुख्यतः रक्तवाहिन्या सैल करून, आराम देते. सिल्डेनाफिल हे औषध मात्र सायक्लिक जीएमपीचे विघटन रोखते, त्यामुळे ही दोन्ही औषधे एकत्र घेतल्यास रक्तदाब धोकादायकरीत्या कोसळतो. म्हणून नायट्रोग्लिसरीनसारखी नायट्रेट औषधे घेणाऱ्या रुग्णांनी सिल्डेनाफिल घेऊ नये आणि चालू असलेले प्रत्येक औषध डॉक्टरांना न संकोचता सांगावे.