ज्वारीच्या भाकरीचा जमाखर्च

गव्हाला रजा देऊन ज्वारीची भाकरी ताटात रुजू केली, की मधुमेहाचा निकाल लागला, अशी जी समजूत आमच्या सातारा-सांगलीकडे वहिवाटीने चालत आली आहे, ती अर्धीच खरी आहे. कारण ज्वारीतील तंतूंमुळे साखर तुलनेने सावकाश चढते हे मान्य केले, तरी १०० ग्रॅम पिठात सुमारे ७० ग्रॅम कर्बोदके असतातच, आणि ५० ग्रॅम पिठाच्या एका भाकरीमागे ३५ ग्रॅम खर्ची घालावेच लागतात.

खरी अफरातफर मात्र जेवणाबाहेर होते. सायंकाळच्या गप्पांत संपलेले बशीभर भडंग, जे अखेर तांदळाचेच, आणि ‘फळच ते’ म्हणून तोंडात टाकलेले ३० ग्रॅम तासगावी बेदाणे, ज्यांत २० ग्रॅमांहून अधिक कर्बोदके, यांची नोंद कोणत्याच दफ्तरी होत नाही. कंदी पेढ्यांविषयी सातारकराने काय लिहावे!

माझी तजवीज अशी: आधी कोशिंबीर आणि कोरेगावी घेवड्याची उसळ (कर्बोदके तिच्यातही आहेत, पण तंतू व प्रथिनांच्या सोबतीने), मग भाकरी एकच, आणि दोन तासांनी रक्तशर्करेची मोजणी. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील त्यांनी मात्र भाकरी एकाएकी कमी करण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना अवश्य विचारावे. साखर अकस्मात घसरू शकते.