सर्टिफिकेटांची थप्पी नको!

अमेरिकेत पदवीला अर्ज करू पाहणाऱ्या मुलांनो आणि पालकांनो, हे नक्की वाचा.

तिथल्या शेकडो कॉलेजांसाठी 'कॉमन अ‍ॅप' हा एकच अर्ज चालतो. त्यात अभ्यासाबाहेरच्या उपक्रमांना जास्तीत जास्त 10 जागा, आणि प्रत्येकाच्या वर्णनाला फक्त 150 अक्षरं, स्पेस धरून! शिवाय आठवड्याला किती तास आणि वर्षाला किती आठवडे दिलेत, हेही भरावं लागतं. एमआयटीचा स्वतंत्र अर्ज तर चारच उपक्रम मागतो. म्हणजे एका दिवसाच्या वृक्षारोपणाचा फोटो इथे फारसा कामाचा नाही. 'ढोल पथकात होतो' एवढंच लिहू नका. 'तीन वर्षं पथकात, नव्या मुलांना ठेका शिकवतो, सरावाचं वेळापत्रक बघतो' असं लिहा. काय केलं ते लगेच दिसतं.

आणि हे फार जणांना माहीतच नसतं: घरची जबाबदारी आणि पगारी काम यांनाही त्या यादीत जागा आहे. आजीचं आजारपण काढलंत, दुकानात बसलात, तर बिनधास्त लिहा.

मार्क मात्र आधी. ते कमी असतील तर समाजसेवेने भरून निघत नाहीत.

कुठलं कॉलेज स्वयंसेवेला किती महत्त्व देतं, हे त्याच्या 'कॉमन डेटा सेट' या माहितीसंचातल्या सी-7 तक्त्यात दिसतं. बहुतेक कॉलेजं तो वेबसाइटवर टाकतात. हजारो रुपये घेणाऱ्या कन्सल्टंटकडे जायच्या आधी तो उघडून बघाच.