पाव म्हणजे पायाने तुडवलेला? वडापावच्या नावाची खरी गोष्ट



आपल्या कन्नडच्या बसस्टँडपासून ते मुंबईच्या दादरपर्यंत वडापाव माहीत नाही असं मूल सापडणार नाही. पण 'पावाला पाव का म्हणतात?' असं मुलांना विचारून बघा. बहुतेक वेळा दोन उत्तरं मिळतात. पीठ पायाने तुडवतात म्हणून पाव, किंवा चार भागांतला एक भाग म्हणजे पाव, म्हणून पाव. मोठी माणसंही हेच सांगतात. दोन्ही उत्तरं ऐकायला पटणारी आहेत, पण खरी नाहीत.

पाव शब्द कुठून आला?

१५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतलं आणि १५३४ मध्ये वसई त्यांच्याकडे गेली. पीठ आंबवून भट्टीत भाजलेली गव्हाची रोटी हे त्यांचं रोजचं खाणं. तिला त्यांच्या भाषेत 'पांव' म्हणतात, उच्चार थोडा नाकातून. हा शब्द लॅटिन 'पानिस'वरून आला. गोव्यात पाव भाजणाऱ्याला आजही 'पोदेर' म्हणतात, तो शब्दही पोर्तुगीजच.

मग गोंधळ का झाला? मराठीत चौथ्या भागाला म्हणतो तो 'पाव' आणि आपला 'पाय', हे दोन्ही शब्द संस्कृत 'पाद'पासून आले. परदेशी शब्द नेमका यांच्यासारखा ऐकू आला आणि लोकांनी ओळखीचा अर्थ त्याला चिकटवला.

याचा पुरावा काय, असं मुलं विचारतील. विचारलंच पाहिजे. त्यांना जपानचं उदाहरण द्या. पोर्तुगीज १५४३ मध्ये तिथेही पोचले आणि जपानी लोक आजही ब्रेडला 'पान' म्हणतात. त्यांच्या भाषेत ना आपला 'पाय' आहे ना आपला 'पाव भाग'. तरी शब्द तिथे आहेच, कारण नेणारे लोक एकच होते.

हॉट डॉगचीही तीच गत

अमेरिकेत लांबट पावात सॉसेज, म्हणजे मसाला घालून आतड्याच्या नळीत भरलेलं मांस, घालून खातात. त्याला 'हॉट डॉग', म्हणजे 'गरम कुत्रा' म्हणतात. तिथे एक गोष्ट फार प्रसिद्ध आहे. टॅड डॉर्गन या व्यंगचित्रकाराला 'डाख्सहुंड' या लांबट जर्मन कुत्र्याच्या नावाचं स्पेलिंग येईना, म्हणून त्याने चित्राखाली 'हॉट डॉग' लिहिलं. गोष्ट मजेदार आहे, पण तसं चित्र शोधणाऱ्यांना मिळालेलं नाही. शिवाय १८९५ मध्ये येल विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांच्या मासिकात हा शब्द छापलेला आहे, तो डॉर्गनच्या गोष्टीतल्या काळाच्याही आधीचा. सॉसेजमध्ये कुत्र्याचं मांस असतं अशी थट्टा तेव्हा चालायची, त्यातूनच हे नाव रूढ झालं.

आपल्याकडचा त्याचा भाऊ म्हणजे गोव्याचा चोरीस-पाव. व्हिनेगर आणि लाल मिरचीत मुरवलेलं डुकराच्या मांसाचं सॉसेज पावात भरतात. 'चोरीस' हा पोर्तुगीज 'शोरिसु'वरून आला. उद्या कोणी म्हणालं, 'चोरून खायचा म्हणून चोरीस', तर आपण मानणार का?

आणि वडापाव?

यातला 'वडा' संस्कृत 'वटक'पासून आला, म्हणजे घरचाच. 'बटाटा' हा शब्द पोर्तुगीजांकडून आला आणि ते पीक मूळचं दक्षिण अमेरिकेचं. मिरचीही अमेरिका खंडातूनच आली. हे सगळं एकत्र करून गाडीवर विकण्याचं श्रेय साधारणपणे दादर स्टेशनबाहेरच्या अशोक वैद्य यांना देतात. साल सांगतात १९६६. त्याच काळातले सुधाकर म्हात्रे यांचंही नाव घेतलं जातं.

वर्गात काय करता येईल?

१. बटाटा, कोबी, चावी, पगार, घमेलं, अननस हे शब्द फळ्यावर लिहा. यातले परदेशी कोणते, ते मुलांना ओळखू द्या. सगळेच पोर्तुगीजांकडून आलेत म्हटल्यावर चेहरे बघण्यासारखे होतात!
२. एखाद्या नावाची गोष्ट ऐकली की तीन प्रश्न विचारायची सवय लावा. हा शब्द आधी कुठे लिहिलेला सापडतो? दुसऱ्या कुठल्या भाषेत तो आहे का? ती वस्तू आपल्याकडे आणली कोणी?
३. घरी आजी-आजोबांना एका पदार्थाच्या नावाची गोष्ट विचारून यायला सांगा आणि ती वर्गात याच प्रश्नांनी तपासा.

पालकांनो, 'पायाने तुडवलेला' हे आपण हसत हसत बोलून जातो. पण वर्गात एखाद्या मुलाचे वडील बेकरीत कामाला असतात. पहाटे उठून भट्टीपुढे घाम गाळणाऱ्या माणसाच्या कामाला या एका वाक्याने नाव ठेवलं जातं आणि डबा उघडताना ते मूल गप्प बसतं. एखाद्या ठिकाणी पूर्वी पीठ पायाने तुडवलं गेलंही असेल, पण पावाला नाव त्यावरून पडलेलं नाही. मुलांनी पुढच्या वेळी विचारलं तर त्यांना खरी गोष्ट सांगा. ती जास्त मजेदारही आहे.