कावळा बसला अन् केस उगवले!

मुलांनो, एक प्रश्न विचारते. तुमच्या डोक्यावर केस किती?

मोजायला बसू नका हं! साधारण एक लाख असतात. त्यातले रोज पन्नास ते शंभर गळतात. दचकलात? दचकायचं काही कारण नाही. जुने गळतात, तसे नवे येतात. तेवढ्या मोठ्या रानातून शंभर काड्या गेल्या तर कुणाला पत्ता लागतोय!

पण एकदम पुंजकेच्या पुंजके हातात यायला लागले तर? मग मोठी माणसंसुद्धा घाबरतात. आणि घाबरलेला माणूस सांगाल ते विकत घेतो. आज त्याचीच गोष्ट सांगायची आहे. ती घडली आमच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या एका शाळेत, माझ्याच वर्गात.

शनिवारची सकाळची शाळा होती. सातवीतल्या एका मुलानं दप्तरातून एक रिकामा डबा काढला. वर दाट केसांच्या माणसाचा फोटो. केस वाढवणारी पावडर होती म्हणे.

तो म्हणाला, ‘‘मॅडम, माह्या मामाचे केस पार विरळ झाले होते. ही पावडर तीन महिने खाल्ली, अन् केस आले! एकदम पक्की आहे.’’

झालं! वर्गात दोन तट पडले. मी म्हटलं, आज गणित राहू द्या, वादच घालू. विषय फळ्यावर लिहिला : ‘ही पावडर खरंच काम करते का?’

पहिल्या बाजूचं म्हणणं सोपं होतं. मामाचे केस गेले, मामानं पावडर खाल्ली, केस आले. आणखी काय पुरावा पाहिजे?

तेवढ्यात मागच्या रांगेतली एक मुलगी उठली. तिनं विचारलं, ‘‘मामाचे केस गेले काहून?’’

‘‘टायफॉइड झाला होता. त्याच्यानंतर गेले.’’

‘‘माह्या मावशीलेही टायफॉइड झाला होता. तिचेही केस गेले होते. तिनं तं काहीच खाल्लं नाही. तरी आलेच ना!’’

वर्ग चिडीचूप. मी विचारलं, ‘‘इथं कोणती म्हण लागू पडते?’’ चार-पाच जण एकदम ओरडले, ‘‘कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ!’’

अगदी बरोबर. फांदी आधीच वाळलेली होती, ती तुटणारच होती. नेमका त्याच वेळी कावळा येऊन बसला, आणि सगळे म्हणाले, कावळ्यानं फांदी तोडली!

हे कसं होतं, ते नीट समजून घ्या. आपला प्रत्येक केस काही वर्षं वाढत राहतो, महिन्याला साधारण एक सेंटिमीटर. मग दोन-तीन महिने विश्रांती घेतो आणि गळून पडतो. त्याच मुळाशी नवा केस उगवतो. सगळे केस एकाच वेळी विश्रांतीला जात नाहीत, म्हणून आपल्याला टक्कल पडत नाही. पण मोठा ताप आला, टायफॉइड किंवा डेंग्यू झाला, तर पुष्कळ केस एकदम विश्रांतीला जातात. ताप उतरल्यावर दोन-तीन महिन्यांनी ते एकदम गळू लागतात. माणूस घाबरतो आणि डबा आणतो. तोवर नवे केस यायची वेळ झालेलीच असते. केस येतात, आणि श्रेय डब्याला मिळतं!

आता तुमच्याजवळ एक कबुली देते. हसू नका. माझी मुलगी झाली, त्यानंतर माझेही केस असेच गळाले होते. मी महागाच्या गोळ्या आणल्या. चार-पाच महिन्यांत केस आले. मी शेजारीपाजारी, मैत्रिणींना, सगळ्यांना त्या गोळ्यांचं नाव सांगत सुटले. पुढं डॉक्टरांनी सांगितलं की, बाळंतपणानंतर असे केस गळतात आणि बहुतेकींचे आपोआप परत येतात. म्हणजे काम केलं शरीरानं, पैसे गेले माझे आणि नाव झालं गोळ्यांचं! एवढं शिकलेली बाई, पण मीही कावळ्याला फसले.

मग काय, सगळी औषधं खोटी? तसं मुळीच नाही. खरं-खोटं पारखायची एक रीत आहे. सारख्याच तक्रारीची पुष्कळ माणसं घ्यायची. चिठ्ठ्या टाकून त्यांचे दोन गट करायचे. एका गटाला खरं औषध, दुसऱ्याला अगदी तसंच दिसणारं, पण औषध नसलेलं काहीतरी. कुणाला काय मिळालं ते कुणालाच सांगायचं नाही. काही महिन्यांनी दोन्ही गटांतले केस मोजायचे. औषधाच्या गटाला खरंच जास्त फायदा झाला, तरच ते औषध खरं. मिनॉक्सिडिल नावाचं डोक्याला लावायचं औषध या परीक्षेत पास झालं. मुळात ते रक्तदाबाचं औषध होतं. ते घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढताना दिसले, म्हणून डॉक्टरांनी ते केसांसाठी तपासून पाहिलं. अर्थात, तेही कुणाला द्यायचं ते डॉक्टरांनीच ठरवायचं.

आणि शरीरात खरोखर काही कमी असेल, तर ते दिल्यावर फायदा होतोच. शाळेत आठवड्याला लोहाची निळी गोळी मिळते ना? आपल्याकडे पुष्कळ मुलामुलींच्या रक्तात लोह कमी असतं, म्हणून ती मोजून-मापून देतात.

यावर डबेवाला मुलगा म्हणाला, ‘‘मंग कमी नसलं, तरी थोडं जास्त खाल्लं तं काय बिघडते? केस आणखी दाट होतील!’’

प्रश्न चांगला होता. उत्तर मात्र आपल्याच जिल्ह्यानं सोसलं आहे.

डिसेंबर २०२४ च्या शेवटी शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत लोकांचे केस अचानक गळू लागले. आधी डोक्याला खाज, मग केस नुसते ओढले तरी हातात, आणि तीन-चार दिवसांत टक्कल! त्यात लहान मुलं होती, कॉलेजात जाणाऱ्या मुली होत्या, म्हातारी माणसंही होती. जानेवारी २०२५ पर्यंत १८ गावांतल्या २७९ लोकांची नोंद झाली. आधी संशय गेला पाण्यावर. पाण्याचे नमुने तपासले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची तज्ज्ञ मंडळी येऊन रक्ताचे, केसांचे नमुने घेऊन गेली.

विंचूदंशावरच्या संशोधनासाठी प्रसिद्ध असलेले महाडचे पद्मश्री डॉ. हिंमतराव बावस्कर यांनीही शोध घेतला. रुग्णांच्या रक्तात, लघवीत आणि केसांत त्यांना सेलेनियम फार जास्त आढळलं. मग त्यांनी रेशनचा गहू आणि इथल्या शेतात पिकलेला गहू शेजारी ठेवून तपासला. रेशनच्या गव्हात सेलेनियम कित्येक पटींनी जास्त निघालं. त्या गव्हावर पुढं पुष्कळ चर्चा झाली. पण बघा, शेजारी ठेवून तुलना करायची, ही त्यांची रीत आपल्या वर्गातल्या मुलीच्या प्रश्नासारखीच आहे की नाही?

आता खरी गंमत ऐका. सेलेनियम हे काही नुसतं विष नाही. शरीराला ते लागतं, पण किती? मोठ्या माणसाला दिवसाला ५५ मायक्रोग्रॅमच्या आसपास. एका ग्रॅमचे दहा लाख भाग केले, तर त्यातला एक म्हणजे एक मायक्रोग्रॅम! केस वाढवायच्या अनेक गोळ्यांमध्येही सेलेनियम घातलेलं असतं. आणि तेच फार झालं, की केस गळतात, नखं खराब होतात!

अमेरिकेत २००८ साली असंच झालं. शक्तिवर्धक म्हणून विकल्या जाणाऱ्या एका द्रव पदार्थात चुकून लेबलवर लिहिलेल्याच्या दोनशे पट सेलेनियम पडलं. दोनशेहून जास्त लोक आजारी पडले, आणि त्यांतल्या बहुतेकांचे केस गळाले. ताकद यावी म्हणून घेतलं, आणि डोक्यावरचे केस गेले!

एवढं ऐकल्यावर मुलांनी तो डबा हातोहात फिरवला. एकानं मागची बारीक इंग्रजी अक्षरं लावून वाचली. अर्थ होता, ‘औषधी वापरासाठी नाही.’ अशा पूरक आहाराच्या डब्यांवर हे लिहावंच लागतं. समोर मोठा फोटो आणि मागे मुंगीएवढी अक्षरं!

तेव्हा मुलांनो, कुणी म्हणालं ‘हे घ्या, केस येतील,’ तर तीन प्रश्न विचारा. केस कशानं गेले? हे न घेताही आले असते का? यात काय आहे आणि किती आहे? आणि खूपच केस गळत असतील, तर दुकानात नाही, सरकारी दवाखान्यात जा. आरोग्य केंद्र जवळच असतं.

आणखी एक. वर्गात कुणाचे केस गेले, तर त्याला ‘टकल्या’ म्हणू नका. शेगावकडच्या त्या मुलांनी काहीच चूक केली नव्हती. त्यांच्यातल्या पुष्कळांचे केस काही आठवड्यांत परत येऊ लागले. चिडवलेलं मात्र मनातून लवकर जात नाही.

शाळा सुटली. डबेवाल्या मुलानं डबा दप्तरात टाकला आणि जाता जाता म्हणाला, ‘‘मामाले सांगतो, मॅडम. पण तो आयकनार नाही. त्यानं दुसरा डबा आणला कालच.’’

मी म्हटलं, ‘‘मग त्याला सांगू नकोस. नुसता विचार, मावशीचे केस कसे आले?’’